उक्ते, रोजंदारी आणि दवाखाना

विहिरीचे काम काढले की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? काम रोजाने द्यायचे की उक्ते? रोजाने दिले तर गडी सावलीला जरा जास्त बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. उक्ते दिले तर काम झपाट्याने उरकते, पण बांधकाम कच्चे राहू नये म्हणून काठावर उभे राहून लक्ष ठेवावे लागते. नांगरटीला ट्रॅक्टर तासावर लावला, तर त्याची चाल मंदावते का हे आपण बांधावरून घड्याळात पाहतो. यात गडी वाईट किंवा ट्रॅक्टरवाला लबाड असे कोणी म्हणत नाही. पैसा ज्या रीतीने मिळतो त्या रीतीने माणसाचा हात चालतो, एवढेच आपण अनुभवाने शिकलेलो असतो.

मग वाचकहो, एका गोष्टीचे नवल वाटत नाही का? बैल घेताना दात मोजणारे, बियाण्याची पिशवी उलटीसुलटी करून पाहणारे आपण दवाखान्याच्या पायरीशी आलो की हे सगळे शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. आत गेल्यावर "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसे" एवढे एकच वाक्य आपल्या तोंडी असते. दुखणे डोक्यावर बसलेले असते, घरचे माणूस कण्हत असते, म्हणून तसे होते हे खरे. पण डॉक्टर हाही माणूसच आहे. त्याचाही हात पैशाच्या रीतीने थोडाफार वळतो. ती रीत समजून घेणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. आपले शरीर आणि आपला जमीनजुमला सांभाळण्याची ती पहिली पायरी आहे.

पैसे मिळण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा नगावर पैसे मिळण्याची. दर तपासणीला इतके, दर फोटोला इतके, दर शस्त्रक्रियेला इतके. आपल्याकडचे बहुतेक खासगी दवाखाने असे चालतात. यात रोग्याकडे लक्ष दिले जाते, डॉक्टर वेळेवर भेटतो, रात्री दार ठोठावले तरी उघडते. पण जितके जास्त केले तितके जास्त मिळत असल्यामुळे, "करायचे की नको" अशा काठावरच्या वेळी पारडे "करा" या बाजूला झुकते.

दुसरी तऱ्हा उक्त्याची. एका आजाराला एक ठरलेली रक्कम, मग खर्च कमी होवो की जास्त. सरकारी योजनांच्या कार्डावर उपचार होतात ते बहुधा असे. यात फुकटच्या तपासण्या वाढवून दवाखान्याला काही मिळत नाही, हा फायदा. पण सोपा रोगी घ्यावा आणि अवघड रोगी "मोठ्या गावाला न्या" म्हणून वाटेला लावावा, किंवा टाके ओले असतानाच घरी पाठवावे, असा मोह होऊ शकतो. शिवाय ठरलेली रक्कम मिळवायची तर ते ठरलेले काम झालेच पाहिजे. गोळ्या देऊन भागले, तर शस्त्रक्रियेची रक्कम मिळत नाही.

तिसरी तऱ्हा पगाराची. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय येथील डॉक्टरांना महिन्याचा पगार असतो. पोट कापले तरी तेवढाच आणि न कापले तरी तेवढाच. म्हणून विनाकारण कापण्याचा मोह येथे कमी. पण रोग्याला पाहिले तरी तेवढाच आणि न पाहिले तरी तेवढाच, ही त्याची दुसरी बाजू. रिकाम्या खुर्च्या आणि लांबलचक रांगा आपण पाहिलेल्या आहेत.

या तिन्हींच्या आड एक चौथी वाट आहे. तिला सगळे "कट" म्हणतात. एका डॉक्टरने रोगी दुसऱ्याकडे पाठवला, तपासणीला किंवा फोटोला पाठवला, की पाठवणाऱ्याला वाटा मिळतो. बाजारात आडत निदान पट्टीवर लिहिलेली तरी असते. ही आडत कोठेच लिहिलेली नसते, पण भरतो ती आपणच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी असा वाटा घेण्यादेण्याला स्पष्ट मनाई केली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली इंग्रजीत पुस्तक काढले. त्यात डॉक्टरांनीच आपल्या धंद्यातली ही कीड उघड केली. तेव्हा हे केवळ आपल्या चावडीवरचे बोलणे नाही.

बीड जिल्ह्यात काय घडले

आता आपल्याच माणसांची गोष्ट पाहू. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याला दंड. कोपीत राहायचे, पहाटे थंडीत फडात उतरायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरायची. आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने काय करायचे, याचा विचार कारखान्याने केला नाही, मुकादमाने केला नाही, आणि खरे सांगायचे तर घरच्यांनीही केला नाही.

अशा जगण्यात अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे ही दुखणी आलीच. हंगाम संपवून बाई गावाकडे दवाखान्यात गेली की अनेकींना एकच उपाय सांगितला गेला: पिशवी काढून टाका. "ठेवलीत तर कॅन्सर होईल" ही भीती वर. बाईने कर्ज काढले, नाहीतर उचल वाढवून घेतली, आणि पिशवी काढली.

२०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळात गाजली. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, अशी माहिती सरकारने सभागृहात दिली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याच्या तीन-चार वर्षे आधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण जेमतेम तीन होते.

वाचकहो, येथे पैसा तीन बाजूंनी ओढत होता आणि तिन्ही बाजूंनी एकाच दिशेला ओढत होता. शस्त्रक्रिया केली तर दवाखान्याला काही हजार मिळणार, गोळ्या लिहून दिल्या तर शेपन्नास. पाळी नसलेली बाई खाडे करीत नाही, म्हणून मुकादमाला ती परवडणार. आणि दर महिन्याचे दुखणे, दंड आणि कुचंबणा यांतून एकदाचे सुटू, असे खुद्द बाईलाही वाटणार. कोणी कोणाला दोरीने बांधून नेले नाही. तरीही तिशीतल्या, काही तर विशीतल्या, बायकांच्या शरीरातला अवयव गेला.

पिशवी म्हणजे मुले झाल्यावर फेकून देण्याची रिकामी गोणी नव्हे. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर तरुण वयातच पाळी जाण्याची सगळी लक्षणे सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी त्यांचे काम लवकर थांबण्याचा संभव असतो. ज्या बाईला कंबर दुखते म्हणून आपण शस्त्रक्रियेला नेले, तिच्याच कंबरेचे हाड पुढे कमजोर झाले तर काय कमावले?

काही वेळा पिशवी काढणे अगदी जरुरीचे असते, हेही लक्षात ठेवा. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव थांबत नसेल आणि औषधांनी भागत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर शस्त्रक्रिया बाईचा जीव वाचवते. पण नुसते पांढरे जाणे हे कारण नव्हे. त्यावर जंतूंची तपासणी आणि औषधे आहेत. जास्त रक्त जात असेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचे औषधी साधन आहे. कॅन्सरची भीती असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी होते, आणि ती सरकारी रुग्णालयात करून मिळते.

कार्ड आले तरी डोळे उघडे हवेत

तुम्ही म्हणाल, गरिबाकडे पैसे नव्हते म्हणून हे झाले. सरकारने खर्च उचलला की प्रश्न मिटला. पण तसे नाही. केंद्र सरकारने २००८ साली दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. वर्षाला कुटुंबामागे ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार कार्डावर. हेतू चांगला होता. पण २०१२ साली बिहारातल्या समस्तीपूर जिल्ह्यात आणि छत्तीसगडमध्ये उघड झाले की कार्डावरचे पैसे मिळवण्यासाठी खासगी दवाखान्यांनी गरज नसलेल्या बायकांच्याही पिशव्या काढल्या. रोग्याच्या खिशातून काही जात नव्हते, म्हणून घरचे विचारीत नव्हते. पैसे देणारे सरकार दूर बसलेले, म्हणून तेही विचारीत नव्हते. राखण नसलेल्या शेतात पाखरे उतरणारच.

याविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि गर्भाशय काढण्याबाबत केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर त्याचे कारण नोंदले जावे, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

पगारी सरकारी यंत्रणेतही मध्येच नगाचा हिशेब घुसला की काय होते, तेही पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदीचे शिबिर भरले. एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्यानंतर दहाहून अधिक बायका दगावल्या. डॉक्टरला शस्त्रक्रियेमागे पैसे, बाईला आणणाऱ्याला पैसे, बाईलाही पैसे, आणि वरून आकडा पुरा करण्याचा तगादा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा खासगी वाईट आणि सरकारी चांगले, इतके हे सोपे नाही. मोजमाप कशाचे होते आणि पैसा कशाला मिळतो, हे पाहिले पाहिजे.

बाळंतपणाचेही तसेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत सरकारी दवाखान्यांत शंभर बाळंतपणांत सुमारे १४ वेळा पोट कापावे लागले. खासगी दवाखान्यांत मात्र ४७ वेळा. अडलेल्या बाळंतिणीचा जीव सिझेरियनने वाचतो, यात शंका नाही, आणि काही घरची माणसे स्वतःच त्यासाठी घाई करतात. पण अवघड बाळंतिणी तर शेवटी सरकारी दवाखान्यातही पाठवल्या जातात. मग हा तिपटीहून जास्त फरक साऱ्याच बायकांच्या शरीरातून आलेला नसणार. काही फरक बिलातून आणि घड्याळातून आलेला आहे. नैसर्गिक कळांची वाट पाहायला रात्र जाते आणि पैसे कमी मिळतात.

आपलाही त्यात वाटा आहे

एवढे सगळे डॉक्टरांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. ताप आला की "सुई टोचा" कोण म्हणते? अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा, तरतरी येईल" असा आग्रह कोण धरते? जो डॉक्टर नुसते तपासून "काही नको, दोन दिवस विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या" म्हणतो, त्याला आपण फी देताना कुरकुरतो आणि पुढच्या वेळी सलाईन लावणाऱ्याकडे जातो. मिठापाण्यासाखरेच्या द्रावणाने जे काम होते त्यासाठी बाटली टांगली की आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. चांगल्या सल्ल्याला दाम न देणारा गाव चांगला सल्ला देणारा डॉक्टर टिकवू शकत नाही.

डॉक्टरांचीही बाजू ऐकून घ्या. खासगी कॉलेजात शिकायचे तर लाखोंनी पैसे ओतावे लागतात. दवाखान्याची इमारत, सोनोग्राफीचे यंत्र, सारे कर्जावर. बँकेचा हप्ता रोगी येवो न येवो भरावाच लागतो. कर्ज डोक्यावर असले की आपणही पीक पुरते वाळायच्या आत बाजारात नेतोच. तरीही खेड्यापाड्यांत सरळमार्गी डॉक्टर आहेत. नको असलेली शस्त्रक्रिया "नको" म्हणणारे आहेत. त्यांना ओळखा आणि त्यांच्या मागे उभे राहा.

मग करायचे काय?

आधी एक इशारा. साप चावला, छातीत जोराची कळ आली, बाई अडली, रक्त थांबेना, अपघात झाला, अशा वेळी चौकशी करत बसू नका. जवळच्या दवाखान्यात ताबडतोब जा. जीव वाचवण्यासाठी लागणारा तातडीचा उपचार नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. पुढचे प्रश्न आहेत ते ज्यात दोन-चार दिवस हाताशी आहेत अशा दुखण्यांसाठी.

१. "ही शस्त्रक्रिया आठ दिवसांनी केली तर काय बिघडेल?" हे शांतपणे विचारा. खरी घाई असेल तर डॉक्टर कारण सांगेल. नुसती भीती घालत असेल तर तुमच्या लक्षात येईल.

२. "शस्त्रक्रियेशिवाय दुसरा कोणता उपाय आहे? तो करून पाहिला का?" औषधे महिनाभर घेऊन पाहण्यासारखी असतील तर आधी ती घ्या.

३. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. मत देणारा असा निवडा की ज्याला त्या शस्त्रक्रियेतून काहीच मिळणार नाही. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातला पगारी डॉक्टर यासाठी उत्तम. दुसरे मत घेणे हा रोग्याचा हक्क आहे. पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे.

४. कागद मागा. तपासणीचे अहवाल, फोटो, केलेल्या उपचाराची नोंद तुमच्या हाती पाहिजे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते. घरी एक पिशवी करून त्यात सगळे कागद तारखेवार ठेवा. सातबारा जपता तसे जपा.

५. दर विचारा. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने आपले दर आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावली पाहिजे. अंदाजे खर्च आधी विचारून घ्या.

६. तुम्हाला तेथे कोणी नेले ते पाहा. गाडीवाला, ओळखीचा, गावातला मध्यस्थ एकाच दवाखान्याचा फार आग्रह धरत असेल तर "का?" असा प्रश्न मनात येऊ द्या.

७. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर कशाचे, ते लिहून मागा. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, हेही माहीत असू द्या.

आणि शेवटचे, घरातल्या पुरुष मंडळींसाठी. बाईचे दुखणे ती मुकाट्याने वर्ष वर्ष अंगावर काढते, आणि मग एके दिवशी "एकदाचे काढूनच टाका" म्हणते. पांढरे जाते, पाळीत फार त्रास होतो, हे तिने सुरुवातीलाच सांगावे असे घरात वातावरण हवे. सासूबाईंनी विचारावे, नवऱ्याने सोबत जावे, आशाताईंना घरी बोलवावे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीने उचल ठरवतानाच पाणी, आडोसा आणि बाईच्या चार दिवसांच्या खाड्याचा दंड माफ या गोष्टी मुकादमाकडून कबूल करून घ्याव्यात. ग्रामसभेत रस्ते आणि गटारांबरोबर हाही विषय निघू द्या. गावात वर्षभरात किती बायकांच्या पिशव्या काढल्या, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या कारणासाठी, एवढी माहिती गावाने नावे न घेता जरी गोळा केली, तरी पुष्कळ गोष्टी आपोआप ताळ्यावर येतील.

वरचे सात प्रश्न कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली की कार्डाबरोबर तो कागदही खिशात घाला.